टीम कोचिंगचं काम सुरू करायचंय? पहिल्या टीमपासून स्वतःच्या व्यवसायापर्यंत

भोसरीतल्या एका कारखान्याच्या मालकांचा फोन आला होता, "मॅडम, आमच्या प्रॉडक्शनवाल्यांचं आणि क्वालिटीवाल्यांचं अजिबात पटत नाही, तुम्ही एक दिवस या आणि सगळ्यांना जरा मोटिव्हेट करून जा." मी या कामात नवीन होते, हातात दुसरं काम नव्हतं, लगेच हो म्हणाले. दिवस छान गेला, खेळ झाले, ग्रुप फोटो झाला, सगळे हसत घरी गेले. दहा दिवसांनी मी सहज फोन केला तर कळलं की सकाळच्या मीटिंगमध्ये तीच दोन माणसं त्याच रिजेक्शनवरून, म्हणजे नापास झालेल्या मालावरून, तशीच एकमेकांवर ओरडतायत. त्या कंपनीने मला परत कधी बोलावलं नाही आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. त्यांनी जे मागितलं ते मी दिलं, पण त्यांना जे हवं होतं ते विचारलंच नाही.

हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांनी आठ-दहा-पंधरा वर्षं कुठेतरी नोकरी केलीय, एचआरमध्ये, प्रॉडक्शनमध्ये, आयटीत, शाळेत, आणि आता टीमसोबत कोच म्हणून काम करायचंय, त्यावर घरही चालवायचंय. मी स्वतः १४ वर्षं ऑटो पार्ट्सच्या कंपन्यांमध्ये क्वालिटीला होते त्यामुळे माझी उदाहरणं शॉपफ्लोरची, म्हणजे प्रत्यक्ष मशीनवर काम चालतं त्या जागेची येतील, पण हॉस्पिटलच्या वॉर्डात किंवा सॉफ्टवेअरच्या टीममध्येही गोष्टी फार वेगळ्या नसतात.

सगळ्यात आधी: समोर खरंच टीम आहे का?

हा प्रश्न नवीन माणूस विचारतच नाही. चार सेल्स ऑफिसर, चौघांचे चार जिल्हे, चौघांचं वेगळं टार्गेट, एकाचं काम अडलं तर दुसऱ्याला काही फरक पडत नाही. यांचा बॉस एक आहे म्हणून यांना टीम म्हणतात, पण ही टीम नाही. यांना टीम कोचिंग देऊन तुम्ही त्यांचा वेळ घालवाल, यांना एकेकट्याने कोचिंग दिलं तर उपयोग होईल. टीम कधी म्हणायची, तर ज्यांचं काम एकमेकांवर अडतं, ज्यांना मिळून एकच गोष्ट पूर्ण करायची असते, आणि ज्यात कोण आहे कोण नाही हे स्पष्ट असतं. रिचर्ड हॅकमन नावाच्या हार्वर्डच्या अभ्यासकाने आयुष्यभर हेच सांगितलं की आधी टीमची बांधणी नीट हवी, म्हणजे खरी टीम, स्पष्ट दिशा, योग्य माणसं, आणि मग कोचिंग. बांधणी बिघडलेली असेल तर कितीही चांगला कोच आणा, काही होत नाही. म्हणून मालकाला पहिल्याच भेटीत हे विचारा की या लोकांनी मिळून काय द्यायचंय, एका वाक्यात सांगा. त्यांना सांगता आलं नाही तर तुमचं पहिलं काम तिथेच सुरू झालं.

दुसरा गोंधळ शब्दांचा. ट्रेनर शिकवतो, कन्सल्टंट उत्तर देतो, मेंटॉर आपला अनुभव सांगतो, आणि कोच टीमला स्वतःचं उत्तर शोधायला लावतो. आपल्याकडे कोचिंग म्हटलं की लोकांना नीट-जेईईचे क्लास आठवतात, त्यामुळे छोट्या कारखान्याच्या मालकाशी बोलताना मी हा शब्द पहिल्या पाच मिनिटांत काढतच नाही. मी म्हणते, "तुमची माणसं एकत्र बसून जे ठरवतात आणि मग जे होत नाही, त्यावर मी काम करते." हे त्यांना लगेच कळतं कारण हा त्यांचा रोजचा त्रास असतो.

शिकायचं कुठे आणि किती

भारतात कोच व्हायला कुठलंही सरकारी लायसन्स लागत नाही, त्यामुळे कुणीही उद्यापासून कार्ड छापू शकतो आणि म्हणूनच नीट शिकणं ही तुमची स्वतःची जबाबदारी आहे. जगभर सगळ्यात जास्त चालतं ते इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनचं, म्हणजे आयसीएफचं सर्टिफिकेट, ही संस्था १९९५ ची. त्यांची पहिली पायरी एसीसी, तिला ६० तासांचं शिक्षण आणि १०० तासांचा प्रत्यक्ष कोचिंगचा अनुभव लागतो, त्यातले ७५ तास पैसे घेऊन केलेले हवेत. त्याच्या पुढची पीसीसी, तिला १२५ तास शिक्षण आणि ५०० तास अनुभव. टीम कोचिंगसाठी त्यांचं वेगळं सर्टिफिकेट आहे, एसीटीसी, पण ते आधीची पायरी चढल्यावरच.

माझं मत विचाराल तर मोठ्या मल्टिनॅशनल कंपनीचा एचआर हे सर्टिफिकेट विचारतोच, चाकणचा किंवा नाशिकजवळच्या सातपूरचा वीस-चाळीस माणसांचा कारखानदार कधीच विचारत नाही. तरी शिकाच. कारण न शिकता बसलात तर तिसऱ्या मिनिटाला तुम्ही सल्ला द्यायला लागता, ही आपली नोकरीतली सवय असते, चौदा वर्षं मला प्रश्नाचं उत्तर देण्याचाच पगार मिळत होता. गप्प बसून पुढचा प्रश्न विचारणं हे वेगळं कसब आहे, आणि ते कुणीतरी समोर बसून, तुमचं सेशन ऐकून, चूक दाखवल्याशिवाय येत नाही. आणि एक, पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा, तारीख, किती माणसं, किती तास, पैसे मिळाले की नाही. नंतर सर्टिफिकेटच्या वेळी हेच तास मागतात आणि दोन वर्षांपूर्वीचं आठवत नाही.

पहिली टीम कुठून आणायची

ओळखीतून. दुसरा रस्ता मला तरी माहीत नाही. जुन्या कंपनीतला सहकारी आता दुसरीकडे मॅनेजर असतो, मावसभावाचा प्रेस शॉप असतो, मुलीच्या शाळेत शिक्षकांची टीम असते, सोसायटीतल्या डॉक्टरांचं पंचवीस खाटांचं हॉस्पिटल असतं. फक्त जिथे तुम्ही स्वतः बॉस होतात त्या टीमला कोच करू नका, ती माणसं तुमच्यासमोर अजूनही रिपोर्ट देत असल्यासारखीच बोलतील.

फुकट करू नका. कमी घ्या पण घ्या, पाच हजार घ्या. फुकट कामाला लोक वेळ देत नाहीत, ऐन वेळी "आज डिस्पॅच आहे, पुढच्या आठवड्यात बघू" असं होतं, आणि ते पुढच्या आठवड्यातही होतं.

मालकाशी पहिलं बोलणं, इथे घाई केली तर सगळं जातं

या पायरीवर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे कारण माझं एक काम इथेच कोसळलं होतं.

कारखाना मध्यम, टीम नऊ जणांची, दोन सेशन मस्त झाली होती. तिसऱ्या सेशननंतर मालकांनी केबिनमध्ये चहाला बोलावलं आणि हळूच विचारलं, "मॅडम, खरं सांगा, यात नेमका प्रॉब्लेम कोण आहे?" मी नाव नाही घेतलं पण एवढं म्हणाले की सेकंड शिफ्टमध्ये जरा तणाव आहे. झालं. सेकंड शिफ्टला सुपरवायझर एकच होता. दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून झापलं गेलं, आणि चौथ्या सेशनला तो माणूस हाताची घडी घालून बसला, एक शब्द बोलला नाही, त्याला बघून बाकीचेही बोलले नाहीत. त्याने माझ्यावर विश्वास ठेवून सेशनमध्ये सगळ्यांसमोर आपली अडचण सांगितली होती. मी त्याची माफी मागितली, त्याने "काही नाही मॅडम" म्हटलं, पण ते काम तिथेच संपलं. आजही त्याचा चेहरा आठवतो.

तेव्हापासून मी काम सुरू करायच्या आधी तिघांमध्ये बोलणं करते. मालक, टीम आणि मी, तिघं एका खोलीत, सगळ्यांसमोर. आणि एक पानाचा कागद मराठीत लिहिते, वकिली भाषेत नाही, सुपरवायझरला वाचून कळेल असा. त्यात काय असतं ते सांगते. टीमने काय साधायचंय, टीमच्याच शब्दांत. किती सेशन, कुठल्या तारखा, किती वेळ. मालकांना माझ्याकडून काय कळेल, तर सेशन झालं की नाही, किती जण आले, आणि टीमने मिळून जे सांगायचं ठरवलं तेवढंच. काय कळणार नाही, तर कोण काय बोललं. मालकांनी काय करायचं, म्हणजे सेशनच्या वेळेत कुणाला फोन करून बाहेर बोलवायचं नाही, आणि टीमने जो निर्णय त्यांच्याकडे पाठवला त्यावर आठ दिवसांत हो किंवा नाही सांगायचं. हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, कारण टीमने पहिल्यांदा हिंमत करून काही मागितलं आणि वरून उत्तरच आलं नाही, की पुढे कुणी तोंड उघडत नाही.

मालक या कागदाला तयार नसतील तर काम घेऊ नका. मला माहितेय पहिल्या वर्षी हे अवघड आहे, मीही दोनदा घेतलं होतं, दोन्ही वेळा पस्तावले.

याच बोलण्यात एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. एमी एडमंडसन या संशोधिकेने १९९६ मध्ये हॉस्पिटलमधल्या टीमवरचा अभ्यास मांडला, त्यात असं दिसलं की चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुकांची नोंद जास्त होती. पहिल्यांदा तिलाही ते उलटं वाटलं, मग लक्षात आलं की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, तिथे लोक चुका लपवत नव्हते. आपल्याकडेही हेच होतं, पहिल्या महिना-दीड महिन्यात रिवर्कचे, म्हणजे परत दुरुस्त कराव्या लागलेल्या मालाचे आकडे, नजरचुकीने गेलेले पार्ट, मशीनच्या बारीकसारीक तक्रारी कागदावर एकदम वाढतात. मालकांना हे आधी सांगितलेलं नसेल तर ते म्हणतात मॅडम आल्यापासून क्वालिटी बिघडली.

सेशनच्या आधी: बसा, बघा, मोजा

प्रत्येकाशी एकेकटं अर्धा तास बोला, आणि टीमच्या नेहमीच्या दोन-तीन मीटिंगमध्ये कोपऱ्यात बसून फक्त बघा. मी वहीत चार गोष्टी मोजते: कोण किती मिनिटं बोललं, किती खरे प्रश्न विचारले गेले, किती निर्णयांपुढे नाव आणि तारीख लागली, आणि "आम्ही" किती वेळा आलं, "आपण" किती वेळा.

हे चौथं मला फार उपयोगी पडतं. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द आहे, मराठीत आपल्याला ही सोय आहे की माणूस बोलतो तेव्हाच कळतं तो समोरच्याला आत धरतोय की बाहेर ठेवतोय. "आम्ही माल वेळेत दिला होता, तुम्ही अडवून ठेवला." एका चाळीस मिनिटांच्या मीटिंगमध्ये मी "आम्ही" एकतीस वेळा मोजलं होतं आणि "आपण" दोनदा, तेही चहा सांगताना. हा आकडा मी पहिल्या सेशनमध्ये फळ्यावर लिहिला, कुणाचं नाव न घेता, काही टिप्पणी न करता. बराच वेळ कुणी काही बोललं नाही, मग मेंटेनन्सचा माणूस म्हणाला, "म्हणजे आपण एका कंपनीत नाहीच की." त्या वाक्यावर पुढची तीन सेशन चालली.

शॉपफ्लोरवर भाषेचीही काळजी घ्या. सुपरवायझर मराठी, ऑपरेटर बरेचसे बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाचे, मॅनेजर इंग्रजी मिसळून बोलणारा. सेशन हिंदी-मराठी मिक्स चालू द्या. सुरुवातीला मी इंग्रजी स्लाइड घेऊन जायचे, आता फक्त फळा, मार्कर आणि कोरे कागद.

प्रत्यक्ष सेशन

दीड तास पुरतो. सहा ते दहा माणसं. वेळ शिफ्टच्या आत घ्या, पहिली शिफ्ट सुटायच्या आधीचा दीड तास चांगला. भोसरी-चाकणकडे गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते, काही मालक म्हणतात गुरुवारी घेऊ म्हणजे प्रॉडक्शन बुडणार नाही, त्याला ठाम नाही म्हणा, सुट्टीच्या दिवशी बोलावलेला माणूस मनातून घरीच असतो. महिन्याचा शेवटचा आठवडा नको, डिस्पॅचचं प्रेशर असतं. गणपतीत निम्मी माणसं कोकणात, मार्चमध्ये वर्षअखेर, एप्रिल-मेमध्ये लग्नं. म्हणजे तुमचे खरे महिने जून ते ऑगस्ट आणि दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत, वर्षाचं नियोजन आणि घरखर्चाचा हिशोब हे धरूनच करा.

सुरुवातीला प्रत्येकाने एक वाक्य बोलायचं, सगळ्यात ज्युनिअर माणसापासून, साहेब शेवटी. साहेब आधी बोलले की बाकीच्यांचं मत तिथेच ठरतं. मग विषय, तो टीम ठरवते, तुम्ही नाही. विषय ठरला की पाच मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून कागदावर लिहायचं आणि मग वाचायचं, हे छोटं वाटतं पण जो माणूस कधीच बोलत नाही त्याचं म्हणणं असंच बाहेर येतं. लिहिता येत नसेल किंवा संकोच असेल त्याच्याशी शेजारच्याने बोलून त्याचं सांगायचं.

प्रश्न साधे ठेवा. "तुम्हाला टीमबद्दल काय वाटतं?" याला कुणी खरं उत्तर देत नाही, सगळे "चांगलं आहे" म्हणतात. त्यापेक्षा "या आठवड्यात कुणाला कुणासाठी थांबावं लागलं?", "काल पाच नंतर कुणी कुणाला फोन केला आणि का?", "कुठली गोष्ट आपण तिसऱ्यांदा ठरवतोय?" असं विचारा. प्रसंग विचारला की माणूस प्रसंग सांगतो, आणि प्रसंगातच सगळं असतं.

विचारल्यावर थांबा. मनात वीस आकडे मोजा. नवीन कोचला शांतता सहन होत नाही, तो स्वतःच बोलायला लागतो, आणि टीमला कळतं की आपण गप्प राहिलो तर मॅडमच उत्तर देतील.

भांडण झालं तर घाबरू नका. ब्रूस टकमनने १९६५ मध्येच मांडलंय की टीम जमते, मग तिच्यात खटके उडतात, मग रीत बसते आणि मग काम जोरात होतं. खटक्यांचा टप्पा वगळून पुढे जाता येत नाही. तुम्ही फक्त भांडण कामावर ठेवा, माणसावर जायला लागलं की थांबवा आणि विचारा, "आत्ता आपण कशाबद्दल बोलतोय?"

शेवटची दहा मिनिटं दोन गोष्टींसाठी राखून ठेवा, निर्णयापुढे नाव आणि तारीख, आणि "आज आपण एकमेकांशी कसं बोललो" यावर एकेक वाक्य. वेळ संपत आला म्हणून ही दहा मिनिटं खाल्लीत तर ती साधी मीटिंगच झाली.

सेशन कधी ठेवायची यावरही थोडं. हॅकमन आणि रूथ वेजमन यांनी २००५ मध्ये मांडलं की सुरुवातीला टीमला उमेदीची आणि एकत्र येण्याची मदत लागते, मधल्या टप्प्यावर कामाची पद्धत बदलण्याची, आणि शेवटी शिकलेलं गोळा करण्याची. त्याआधी १९८८ मध्ये कॉनी गर्सिकने दाखवलं होतं की प्रोजेक्ट टीम साधारण निम्मा वेळ संपला की एकदम जागी होते आणि पद्धत बदलते. म्हणजे चार महिन्यांचं काम असेल तर पद्धतीवरचं मोठं सेशन दोन महिन्यांच्या आसपास ठेवा. पहिल्या आठवड्यात "आपली पद्धत कशी सुधारायची" विचारलंत तर लोकांना अजून पद्धतच माहीत नसते.

एक सीमा पाळा. पगारवाढ, युनियनचा वाद, कुणाचं मानसिक आजारपण, हे टीम कोचिंगमध्ये सोडवायचे विषय नाहीत. लैंगिक छळाची गोष्ट कानावर आली तर तर नाहीच नाही, दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समिती असायलाच हवी, त्या बाईला समितीकडे कसं जायचं ते सांगा आणि तिला एकटं सोडू नका.

पैसे

इथे आपली मराठी माणसं लाजतात, मीही लाजायचे. कागदावर हिशोब करा. समजा घरखर्च ६०,०००, प्रवास, फोन, स्वतःचं शिक्षण धरून आणखी २०,०००, म्हणजे महिन्याला ८०,००० हवेत. महिन्यात प्रत्यक्ष पैसे मिळतील असे दिवस आठच धरा, बाकीचे भेटीगाठी, तयारी आणि वाट बघण्यात जातात. म्हणजे दिवसाला १०,००० च्या खाली गेलात तर तुम्ही खिशातून घालताय, आणि यात अजून टॅक्स नाही, रिकामे महिने नाहीत. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही घाला.

सेशनचा दर सांगू नका, पूर्ण कामाचा सांगा. सहा सेशन म्हणजे सहा दिवस नाहीत, एकेकट्याशी बोलणं, मीटिंगमध्ये बसणं, नोट्स, मालकांच्या भेटी धरून बारा-तेरा दिवस होतात. एकच आकडा सांगा आणि सांगून झाल्यावर गप्प बसा. "पण थोडं कमी-जास्त होईल" हे वाक्य आपणहून जोडू नका. कमी करायचंच असेल तर सेशन कमी करा, दर नको. पैसे तीन टप्प्यांत, ४० टक्के सुरू करण्याआधी, ३० मध्ये, ३० शेवटच्या सेशनच्या आधी.

कागदपत्रं भराभर सांगते. महाराष्ट्रात स्वतःचा व्यवसाय म्हणजे प्रोफेशन टॅक्सचं एनरोलमेंट, वर्षाला २,५०० रुपये. स्वतंत्र ऑफिस असेल आणि थोडीच माणसं असतील तर शॉप अ‍ॅक्टची ऑनलाइन सूचना पुरते. जीएसटी नोंदणी सेवेच्या व्यवसायाला वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की लागते आणि दर १८ टक्के, म्हणून कोटेशनमध्ये "जीएसटी लागू असल्यास वेगळा" हे पहिल्या दिवसापासून लिहा. कंपनी तुमच्या फीमधून बहुतेक वेळा १० टक्के टीडीएस कापते, म्हणजे तुमच्या नावाने आधीच भरलेला टॅक्स, तो तुमचाच पैसा आहे, इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर जमा दिसतोय का ते दर तिमाहीला बघा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारी नोंद करा, ती सरकारी साइटवर पूर्ण मोफत आहे, एजंटला एक रुपया देऊ नका. उद्यम असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेच लागतात असा २००६ चा कायदा आहे, आणि उशीर केला तर कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षीच्या टॅक्समध्ये वजा मिळतो, आधी नाही. बिलावर उद्यम नंबर छापला की अकाउंट्सवाले आपोआप नीट वागतात. बाकीचं सीएला विचारा, पहिल्या वर्षापासून सीए ठेवा. आणि पैसे अडले तर मालकांना फोन करण्याआधी अकाउंटंटला करा, त्यांच्याकडे पेमेंट कुठल्या तारखांना सुटतात ते कामाच्या सुरुवातीलाच विचारून ठेवलेलं असलं पाहिजे.

नोकरी कधी सोडायची हे सगळे विचारतात. माझं उत्तर, सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला आणि पैसे देणाऱ्या तीन टीम पूर्ण झालेल्या, त्याच्या आधी नको. तोपर्यंत सुट्ट्यांमध्ये, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी तुमच्या बाजूने जमवा, आणि आपल्या कंपनीच्या नियमात बाहेरचं काम बसतं का ते वाचा.

व्यवसाय वाढवायचा म्हणजे

पहिलं वर्ष-दीड वर्ष जाहिरातीवर खर्च करू नका. कारखानदार दुसऱ्या कारखानदाराचं ऐकतो. पुण्यात मराठा चेंबर ही उद्योजकांची संघटना आहे, १९३४ पासूनची, नाशिकला तशीच निमा आहे, मराठी उद्योजकांचा सॅटर्डे क्लब बऱ्याच गावांत भरतो. तिथे जाऊन कार्ड वाटू नका, दोन-तीन महिने नुसतं ऐका, माणसं कशाबद्दल तक्रार करतात ते त्यांच्या शब्दांत लिहून ठेवा. मग एक दोन तासांची बैठक घ्या, सहा मालक, विषय एकच, "आमच्या मीटिंगमध्ये ठरतं ते होत का नाही", आणि प्रत्येकाने आपली शेवटची मीटिंग कशी झाली ते सांगायचं. तुम्ही तिथे विकत काहीच नाही, तुम्ही तिथे कोच करताय, आणि ते बघूनच त्यातला एखादा नंतर थांबून विचारतो. माझी चार कामं अशी आली.

क्लायंटचं नाव परवानगीशिवाय कुठेही घ्यायचं नाही, लिंक्डइनवर फोटोही नाही. एमआयडीसी मोठी वाटते पण सगळे सगळ्यांना ओळखतात. परवानगी असेल तर काय बदललं ते टीमच्याच आकड्यात सांगा, सकाळची मीटिंग ५० मिनिटांची २० वर आली वगैरे, पण रिजेक्शन कमी झालं ते माझ्यामुळे असं कधी म्हणू नका. त्याच काळात नवीन फिक्स्चर, म्हणजे पार्ट घट्ट धरून ठेवणारं साधन, आलेलं असतं, नवीन माणूस आलेला असतो, आणि काम करणाऱ्यांना ते माहीत असतं.

एक गोष्ट बऱ्याच जणांना पटत नाही पण मी ठामपणे सांगते, टीमला तुमची सवय लावू नका. सहापैकी पाचवं सेशन टीममधल्याच कुणीतरी चालवायचं, तुम्ही कोपऱ्यात. काही कोच म्हणतात मग काम संपेल की. माझ्याकडे उलटं झालंय, जी टीम स्वतः चालवायला लागली तिच्याच मालकांनी दुसऱ्या प्लांटला बोलावलं, आणि जिथे मी वर्षभर रेंगाळले तिथे शेवटी "मॅडमचं काय ते, नेहमीचंच" असं झालं.

बारापेक्षा जास्त माणसं असतील तर एकट्याने जाऊ नका, दुसरा कोच घ्या, एक बोलतो तेव्हा दुसरा बघतो. फी कशी वाटायची ते आधी लिहून घ्या, मैत्रिणीबरोबर असेल तर आवर्जून लिहून घ्या. आणि दोन-तीन कोचचा एक गट करा जो महिन्यातून एकदा भेटेल, नावं न घेता आपापली अडकलेली सेशन एकमेकांसमोर मांडायला. त्या सेकंड शिफ्टच्या प्रसंगानंतर मला सावरलं ते अशाच गटाने, त्यांनी सल्ला दिला नाही, विचारलं की मालकांच्या प्रश्नावर तुला गप्प का राहता आलं नाही. त्याचं उत्तर शोधायला मला दोन महिने लागले, मला त्या मालकांना आवडायचं होतं.

काम संपलं की त्याच दिवशी कॅलेंडरमध्ये सहा महिन्यांनंतरची तारीख टाका आणि त्या दिवशी फोन करा. मालकांना नाही, मीटिंग आता जो चालवतो त्याला. "एकदा येऊन बसू का, काही बोलणार नाही" असं विचारा, फी न घेता जा, कोपऱ्यात बसा, आणि वही उघडून तेच चार आकडे परत मोजा.